उपप्रकार किती, तसेच डोस किती?

‘न्यूमोनियाविरुद्ध नव्या लसी’ हा लेख वाचला. न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस या जिवाणूच्या सुमारे १०० उपप्रकारांपैकी सध्याच्या लसी मोजक्यांनाच रोखतात, म्हणून सर्व उपप्रकारांमध्ये सामाईक असलेल्या प्रथिनांवर लस शोधावी, हे पटले. मात्र डोसांच्या संख्येचा लेखात उल्लेखही नाही. मोफत लसीकरणात पीसीव्ही या न्यूमोकोकसविरोधी लसीचे डोस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात असतात. दिवाळीनंतर बीडहून वाळवा-पलूसच्या फडांवर आलेल्या ऊसतोड कुटुंबातील तान्ह्याला पहिला डोस इथे मिळाला, तरी शेवटच्या डोसाच्या वेळी ते गावी परतलेले असते. मधे कार्ड हरवले, की सारे रामभरोसे! उपप्रकारांइतकाच कमी डोसांत भागेल अशा लसीचाही विचार संशोधकांनी करावा.

– एक वाचक, तासगाव (जि. सांगली)