निपाणीच्या मित्रास, 'तर'च्या वाक्यांविषयी

खानापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. दहावीची पोरं 'इफ इट वुड हॅव रेन्ड, द क्रॉप वुड हॅव बीन गुड' असंच लिहितात, कितीदा खोडलं तरी पुन्हा तेच, म्हणून आता इंग्रजीच्या तासाला मराठी बंद करतो म्हणालास. तेवढं करू नकोस रे. चूक मराठीतून येते हे खरं, पण ती सुटायची वाटही पोरांच्या तोंडातच आहे.

आपण म्हणतो, 'पाऊस पडला असता तर पीक आलं असतं.' आपला संकेतार्थ, म्हणजे हे 'असता-असतं'चं रूप, अटीलाही लागतो आणि परिणामालाही. पोरगं तेच इमानानं इंग्रजीत उतरवतं, मग दोन्हीकडे 'वुड' येणारच. आता त्याच पोराला हे वाक्य कन्नडमध्ये म्हणायला लाव. आपल्या सीमाभागात बाजारात ऐकतो तसं म्हणेल, 'मळी बंदिद्र, बेळी चलो बर्तित्तु.' अटीला 'बंदिद्र', परिणामाला 'बर्तित्तु'. दोन अंगांना दोन वेगळी रूपं! इंग्रजीचंही तसंच: अटीत 'हॅड रेन्ड', 'वुड हॅव' फक्त परिणामात. पुण्या-साताऱ्याच्या मास्तराला ही सोय नाही. आपल्या पोरांना दोन्ही भाषा येतात, तर त्यांचा उपयोग करायचा सोडून तोंड कशाला बंद करायचं?

दुसरी अडचण 'असतो'ची. 'मी आज तहसीलदार असतो तर' आणि 'मी काल तिथं असतो तर', दोन्हीकडे आपलं रूप एकच. इंग्रजी मात्र इथं फारकत करते. आजची कल्पना असेल तर 'इफ आय वेअर', कालची हुकलेली गोष्ट असेल तर 'इफ आय हॅड बीन'. म्हणून लिहिण्याआधी पोरांना एवढंच विचारायला लाव: गोष्ट आजची की कालची?

'आय'बरोबर 'वेअर' कसं, हे तुझ्या वर्गातली ती चौकस मुलगी विचारते म्हणालास. फार चांगला प्रश्न आहे, तिला टाळू नकोस. जुन्या इंग्रजीत अशा नुसत्या कल्पनेच्या अर्थाची रूपं वेगळी असत. पुढं प्रत्यय झिजले, बाकीच्या क्रियापदांत ती साध्या भूतकाळात मिसळून गेली, आणि 'तर'च्या अशा वाक्यांत एकवचनातलं हे 'वेअर' तेवढं वेगळं दिसत राहिलं. 'इफ आय न्यू' ('मला माहीत असतं तर') मध्येही तोच अर्थ आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. बोलताना 'इफ आय वॉज यू' इंग्रजही सर्रास म्हणतात. तोंडी परीक्षेत त्यावर गुण कापू नयेत असं माझं ठाम मत आहे. पेपरात मात्र 'वेअर'च लिहू दे.

आणि एक सांभाळ. 'वेअर' शिकवलं की हुशार पोरं ते सगळीकडे लावतात. 'काल तो बाजारात असला, तर त्यानं तुला बघितलं असणार', इथं तो खरंच असेलही. आपल्याला माहीत नाही, एवढंच. तिथं 'इफ ही वॉज' हेच बरोबर. मराठीत 'असता' आणि 'असला' यांत पोरं कधी घोळ करत नाहीत. अटीत 'असता' आलं की 'वेअर' नाहीतर 'हॅड', 'असला' आलं की साधा काळ, एवढं फळ्यावर लिही आणि दोन-चार दिवस उदाहरणं त्यांच्याकडूनच काढून घे. तंबाखूची, उसाची, एसटी चुकल्याची, काहीही चालतील.

पुढच्या चाचणीच्या वह्या तपासल्यास की मला कळव. त्या मुलीनं काय लिहिलंय ते आवर्जून.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
खानापूरकर