यादी जरा कमी कर, सोन्या

प्रिय सोन्या,

तुझी ख्रिसमसची यादी बघितली. ऑफिसमधली अख्खी टीम, वरच्या मजल्यावरच्या जर्मन आजी, छकुलीच्या पाळणाघरातल्या दोन्ही बाई, शिवाय तुझा तो जिमवाला मित्र, आणि सगळ्यांना म्हणे हाताने विणलेलं! अरे, आत्ता कुठे तुझा सुलट टाका धड पडायला लागलाय. माझं ऐक, ज्याला विणलेल्याची किंमत कळते त्याच्यासाठीच विणायचं, बाकीच्यांना चॉकलेटचा डबा दे, त्यात कमीपणा काहीच नाही. ऑफिस पहिलं काढून टाक.

आजींना मात्र मफलर तूच विण. त्या स्वतः विणतात म्हणजे त्यांना चुका दिसणार, पण कौतुकही त्याच करणार. चाळीस टाके घाल, दोन्ही बाजूंनी फक्त सुलट, आणि प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचलून घे म्हणजे कड सरळ येते. एक ओळ सुलट एक उलट अजिबात करू नकोस, कडा गुंडाळून मफलरची नळी होते. लोकर २०० ग्रॅम पुरेल, पण सगळे गुंडे एकदमच घे आणि त्यावरचा लॉट नंबर सारखा आहे ना ते बघ, नाहीतर मध्येच रंग बदललेला उन्हात लगेच कळतो.

सुई ४ मिमीची आण, मिमीच बघून आण हं. आपल्याकडचे नंबर उलटे, नंबर मोठा तशी सुई बारीक, माझी ८ नंबर म्हणजे तुमची ४ मिमी आणि १० नंबर म्हणजे सव्वातीन. मी फोनवर सवयीने दहा नंबर म्हणायचे, तू १० मिमीची आणशील आणि आजींच्या गळ्यात मासे धरायचं जाळं पडेल.

तुमच्याकडे जर्मनीत गिफ्टं २४ ला संध्याकाळीच देतात ना, आणि २५-२६ दुकानं बंद, म्हणजे शेवटच्या दिवशी लोकर संपली तर बस बोंबलत. पाळणाघरातल्या बाईंचं तर ६ डिसेंबरला, तुमच्या त्या निकोलाउसच्या सणालाच देऊन टाक. त्यांच्या दोन कानटोप्या मी करते, एकाच ओळीत एक टाका उलट एक सुलट अशा, त्या ताणल्या जातात म्हणून डोक्याचं माप विचारत बसायला नको. नोव्हेंबरातच पार्सल टाकते. ४५ युरोपर्यंतच्या घरगुती भेटीला तुमच्याकडे ड्युटी लागत नाही म्हणे, त्यामुळे किंमत खरी लिहायची, उगाच शहाणपणा नको.

आणि एक, तुमच्याकडची ती मोज्यांची लोकर मिळते ना, १०० ग्रॅममध्ये ४२० मीटरवाली, पाऊण भाग लोकर आणि पाव भाग नायलॉन, एका गुंड्यात मोठ्या माणसाचा जोड होतो, त्याचे दोन गुंडे येताना माझ्यासाठी आण. बाबांना करेन. आपल्याकडच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये त्यांच्या पायाला घाम येतो आणि मग मोजे कपाटातच.

छकुलीचं ख्रिसमसचं तुम्ही काय ते बघा, मी तिचं संक्रांतीचं करतेय. बोरनहाणाला काळा झबलाच हवा, पण तुमच्या त्या थंडीत सुती कुठला पुरतोय, म्हणून लोकरीचा, पूर्ण बाह्यांचा, खांद्यावर बटणं म्हणजे डोक्यातून घालताना रडारड नाही. वर पांढऱ्या लोकरीच्या गाठी भरणार, लांबून हलवाच वाटेल. खरे मणी लावणार नाही, तिचं सगळं तोंडात जातं. काळी लोकर रात्री विणवत नाही रे, टाकेच दिसत नाहीत, म्हणून दुपारी गॅलरीत बसून जेवढं होईल तेवढं. मशीनमध्ये चालणारी लोकर घेतलीये, साधी असती तर तुझ्या बायकोने गरम पाण्यात टाकून बाहुलीचा झबला करून ठेवला असता (तिला हे वाचून दाखवू नकोस).

आता छातीचा घेर, खांद्यापासून कमरेपर्यंतची उंची आणि बाहीची लांबी, तिन्ही मापं आजच पाठव. आहे तेवढंच माप दे. वाढीव मी धरते, तू परत धरू नकोस, नाहीतर तो झबला तिला शाळेत जाईपर्यंत होईल.

आई