रांग आधी मोजा, मग खिडक्या वाढवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी रुग्णालयातल्या गर्दीची बातमी आली की उपाय ठरलेला असतो: केस पेपरच्या खिडक्या वाढवा, नाहीतर नोंदणी मोबाइलवर न्या. २०२२ पासून बऱ्याच रुग्णालयांत क्यूआर कोड स्कॅन करून, आभा खात्यावरून (सरकारी डिजिटल आरोग्य खाते) टोकन घेता येते. त्या खिडकीपुढची झुंबड त्याने कमी होते, हे मान्य. पण म्हणून रुग्ण घरी लवकर पोहोचेलच असे नाही. पुष्कळदा तो केस पेपरच्या रांगेतून सुटतो आणि डॉक्टरांच्या दाराशी जाऊन बसतो, एवढेच होते.

हिशेब करून पाहू. समजा ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीला सकाळी ९ ते १ या वेळात १६० रुग्ण आहेत. केस पेपरला माणशी ४५ सेकंद, म्हणजे तासाला ८०. डॉक्टर दोन, प्रत्येकाला रुग्णामागे ३ मिनिटे, म्हणजे दोघे मिळून तासाला ४०. औषधाची खिडकी एकच, माणशी २ मिनिटे, म्हणजे तासाला ३०. डॉक्टरांचे काम १ वाजता आटोपेल, पण १६० जणांना औषधे द्यायला ५ तास २० मिनिटे लागतात. शेवटचा रुग्ण २ वाजून २० मिनिटांच्या सुमारास बाहेर पडेल. आता केस पेपर ४५ सेकंदांऐवजी १५ सेकंदांत द्या. शेवटचा रुग्ण तरीही २ वाजून २० मिनिटांनीच बाहेर पडणार. अडले होते औषधाच्या खिडकीवर, आणि पैसे खर्च झाले केस पेपरच्या.

हे काही नवे ज्ञान नाही. रांगांचे गणित सुरू झाले ते टेलिफोनच्या तारांवरून. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ मध्ये त्यावर पहिला निबंध लिहिला. रुग्णालयाच्या ओपीडीला ते लावले इंग्लंडमधल्या नॉर्मन बेली यांनी, १९५२ मध्ये. त्यांचा निष्कर्ष दोन ओळींचा आहे: दवाखाना सुरू होताना दोन रुग्ण हजर असावेत, आणि पुढच्या प्रत्येकाला सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतराने वेळ द्यावी. डॉक्टर रिकामे बसू नयेत म्हणून सगळ्यांना एकदम ९ ला बोलावण्याची गरज नसते. दोन जण पुरतात.

बेलींचा नियम आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. तिथे रुग्ण वेळेवर येतात असे गृहीत होते, आपल्याकडे ते एसटी आणते. ३ मिनिटांच्या अंतराची वेळ कागदावरच राहील. मात्र तासातासाचे गट करता येतात: ९ ते १० मध्ये ४० टोकन, १० ते ११ मध्ये ४०, आणि टोकनावर तास ठळक छापलेला. पहिले टोकन कुणाला, यावर मात्र भांडण होते. दूरच्या गावाहून पहाटेच्या गाडीने आलेल्यांना पहिला गट आणि शहरातल्यांना नंतरचा, हा नियम फलकावर लावला नाही तर ही पद्धत आठवडाभरात मोडते.

डॉक्टरांनी अर्धा तास उशिरा बसण्याची किंमतही मोजता येते. ९ वाजता ६० रुग्ण बसलेले असतील आणि तपासणी साडेनऊला सुरू झाली, तर तिथल्या तिथे ३० माणूस-तास गेले. शिवाय रांग एकदाही रिकामी झाली नाही, तर ११ ला आलेलाही अर्धा तास मागे पडतो. वरच्या उदाहरणातल्या दोन्ही डॉक्टरांवरचा भार १०० टक्के आहे, म्हणजे त्यांचे एकही मिनिट मोकळे नाही, त्यामुळे गमावलेला अर्धा तास दिवसभरात भरून निघतच नाही. भार आणि प्रतीक्षा सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. एका डॉक्टरच्या रांगेचे पाठ्यपुस्तकी सूत्र ८० टक्के भाराला प्रतीक्षा तपासणीच्या ४ पट सांगते, ९० टक्क्यांना ९ पट, ९५ टक्क्यांना १९ पट. हे आकडे स्थिर प्रवाहाचे आहेत, सकाळच्या लोंढ्याला ते तंतोतंत लागू करू नयेत. तसे करून काढलेले निष्कर्ष आम्ही प्रबंधांत वाचतो आणि कपाळाला हात लावतो. पण दिशा तीच: शेवटचे दहा टक्के फार महाग पडतात.

तेव्हा आधी मोजणी. त्याला संगणक लागत नाही. केस पेपरला एक चिठ्ठी टाचा आणि तीवर या चार टप्प्यांची वेळ लिहा: नोंदणी, डॉक्टरांच्या खोलीत आत, खोलीतून बाहेर, औषध हातात. तीन दिवस करा, त्यातला एक आठवडी बाजाराचा हवाच. भिंतीवरची सगळी घड्याळे आदल्या संध्याकाळी जुळवून घ्या; दोन घड्याळांत ६ मिनिटांचा फरक असला की काही रुग्ण आत जाण्याआधीच बाहेर आलेले दिसतात. तपासणीचा सरासरी वेळ काढायला ५० नोंदी बऱ्या. सरासरी ३ मिनिटे आणि चढउतारही साधारण तेवढाच असेल, तर ५० नोंदींत प्रमाण त्रुटी (सरासरीतली संभाव्य चूक) अर्ध्या मिनिटाच्या आत येते. सगळ्यात मोठी चूक वेगळीच होते: वाट पाहून निघून गेलेले रुग्ण मोजणीत येतच नाहीत आणि सरासरी उगाच चांगली दिसते. दिलेले केस पेपर वजा औषधाच्या खिडकीवर पोहोचलेले, हा आकडा रोज लिहा. ज्यांना औषध लिहिलेच नव्हते ते त्यातून वगळा.

चिठ्ठ्याही जमत नसतील तर आणखी सोपा मार्ग आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम असा: आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले आत घालवलेला सरासरी वेळ. दर १५ मिनिटांनी डोकी मोजा. सकाळी ८ ते २:३० या साडेसहा तासांत सरासरी ५० रुग्ण आत होते आणि एकूण १६० येऊन गेले, तर ५० गुणिले ६.५ म्हणजे ३२५ तास; १६० ने भागले की माणशी २ तासांहून किंचित जास्त. मात्र नातेवाईक मोजू नका. आपल्याकडे रुग्णामागे किमान एक माणूस असतोच, तो धरला तर उत्तर थेट दुप्पट येते.

आता औषधाची खिडकी. तिथे २ मिनिटे का लागतात हे उभे राहून पाहिले की कळते. अक्षर लागत नाही. गोळ्या पट्टीतून कापून मोजाव्या लागतात. आणि लिहिलेले औषध संपलेले असते, म्हणून रुग्ण पुन्हा डॉक्टरांकडे जातो आणि दोन्ही रांगांत दुसऱ्यांदा उभा राहतो. संपलेल्या औषधांची यादी रोज सकाळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली की हा फेरा थांबतो. खर्च एका कागदाचा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांची पाकिटे दुपारी भरून ठेवता येतात. सरासरी २ मिनिटांवरून दीडवर आली तरी तासाला ३० चे ४० होतात आणि खिडकी डॉक्टरांच्या बरोबरीला येते. पाकिटावर नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदत हवीच, नाहीतर वेळ वाचवताना चूक हातात जाईल.

रक्तदाब-मधुमेहाच्या या नेहमीच्या रुग्णांना ३० ऐवजी २८ दिवसांच्या गोळ्या द्याव्यात. २८ म्हणजे बरोबर चार आठवडे: मंगळवारचा रुग्ण मंगळवारीच येतो, कधी रविवारी तर कधी सुट्टीनंतरच्या सोमवारी येऊन आदळत नाही. त्यांना ११ नंतरचा गट द्यावा, म्हणजे सकाळचा लोंढा आपोआप उतरतो.

दोन औषध खिडक्या असतील तर रांग एक आणि जो मोकळा होईल त्याच्याकडे पुढचा, ही पद्धत चांगली. ८० टक्के भाराला, २ मिनिटांच्या कामासाठी, स्वतंत्र रांगांत सरासरी ८ मिनिटे थांबावे लागते आणि एकत्र रांगेत सुमारे साडेतीन. (लोक छोटी रांग बघून उड्या मारतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक इतका मोठा नसतो.) पण महिलांची वेगळी रांग गणितासाठी मोडू नये. धक्काबुक्की टाळण्यासाठी ती आहे. टोकन आणि बसायला बाके दिली तर दोन्ही साधते.

थांबणे म्हणजे नुसता खोळंबा नाही, हे सांगण्यासाठीच खरे तर हे पत्र. ओपीडीच्या हॉलमध्ये निदान न झालेला क्षयरुग्ण बसलेला असू शकतो, आणि क्षयाचा जंतू हवेतून पसरतो. पेरूतल्या लिमा शहरात आठ रुग्णालयांत मोजणी करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की दारेखिडक्या उघडल्यावर खोलीतली हवा तासाला २८ वेळा बदलत होती; यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२ वेळा. पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत ४० वेळा, नव्यांत १७ वेळा. आपण मात्र जुन्या हॉलला खोटे छत लावतो आणि लाकडी खिडक्या काढून सरकत्या बसवतो. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी अर्ध्याहून जास्त उघडत नाही.

याचेही सूत्र आहे: ०.६५ गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले समोरासमोरच्या उघड्या भागांपैकी लहान भागाचे क्षेत्रफळ, गुणिले ३६००, भागिले खोलीचे घनफळ. ९० घनमीटरची खोली, सेकंदाला अर्धा मीटर वारा आणि दीड चौरस मीटर उघडी खिडकी असेल तर तासाला साडेएकोणीस वेळा. सरकत्या खिडकीने तेच निम्म्यावर येते. समोरच्या भिंतीत वाट नसेल तर हे सूत्र लागूच होत नाही.

वारा मोजता येत नसेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा, इन्फ्रारेड सेन्सरचाच. बरेच स्वस्त मीटर तो वायू मोजतच नाहीत, इतर वायूंवरून अंदाज दाखवतात. आधी मोकळ्यावर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास आकडा येतो ना ते पाहावे. हॉलमध्ये २००० आला, तर उच्छ्वासातले प्रमाण साधारण ३८,००० धरून, आत घेतलेल्या हवेतला सुमारे ४ टक्के भाग इतरांनी सोडलेला असतो. नोंदणीच्या खिडकीवर 'दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का?' एवढे विचारून त्या रुग्णाला मास्क द्यावा, व्हरांड्यात बसवावे आणि रांग सोडून आधी तपासावे. रांगेतला हा अन्याय बाकीच्यांच्या फायद्याचा आहे, हे फलकावर लिहिलेले असावे.

सामुदायिक वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ओपीडीतली प्रतीक्षा हा नेहमीचा विषय आहे. मोजणी होते, तक्ते होतात, बांधणी होते आणि प्रबंध कपाटात जातो. विद्यापीठाने अशा प्रबंधाला दोन अटी घालाव्यात: त्या रुग्णालयाच्या अधीक्षकांना सोमवारपासून काय बदलायचे याचे एक पान मराठीत द्यावे, आणि तीन महिन्यांनी त्याच चिठ्ठीने, त्याच बाजाराच्या दिवशी पुन्हा मोजावे.

आपले,
संख्याशास्त्र व सामुदायिक वैद्यकशास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापक, पुणे