छावणीत जन्मलेल्या कालवडीच्या घरून

आदरणीय डॉक्टरसाहेब,

सादर नमस्कार.

पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय, असं दवाखान्यात कळलं. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला उभी राहिले तर मला रडू येईल आणि सांगायचं ते राहून जाईल. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि ते सगळ्यांनी वाचावं अशीच इच्छा आहे.

2019 चा दुष्काळी उन्हाळा आपल्या आटपाडी तालुक्यात ज्यांनी काढला, त्यांना त्याबद्दल काय सांगायचं? जनावरं चारा छावणीत आणि त्यांच्यामागं माणसंही तिथंच. आमची खिलार गाय हरणी वितानाच त्या छावणीत अडली. संध्याकाळपासून कळा देत होती. पुढचे दोन पाय दिसत होते, तोंडाचा पत्ता नव्हता. कुणीतरी म्हणालं ओढा, म्हणून आम्ही दोरी बांधून ओढलं. ती आमची चूक. आजही ती दोरी आठवली की पोटात कालवतं. तुम्हाला फोन केला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते.

तुम्ही आलात आणि आधी एक सोडून सगळ्या बॅटऱ्या विझवायला लावल्या. हरणीच्या समोरून न येता खांद्याच्या बाजूनं गेलात, तिच्याशी हलक्या आवाजात काहीबाही बोलत राहिलात. खांद्यापर्यंत साबण लावून हात आत घातलात आणि म्हणालात, "मान मागं वळलीय." मग कळ ओसरली की वासराला आत सारायचं, कळ आली की थांबायचं, असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. तुमचे डोळे मिटलेले होते. वासराचं नाकाड तळहातात झाकून, दात गर्भपिशवीला लागू न देता, तुम्ही मान वळवून पुढं आणलीत. त्यानंतर कुठं दोघांना ओढायला सांगितलंत, तेही कळ आली तरच आणि खालच्या अंगाला. वासरू निपचित पडलं होतं. तुम्ही नाकपुडीत कडब्याची काडी फिरवलीत. ते शिंकलं. कालवड होती.

हात धुताना मी विचारलं होतं, डोळे का मिटून घेतले? तुम्ही म्हणालात, "जिथं दिसत नाही तिथं बोटांनी बघायचं. हे मला घड्याळांनी शिकवलं."

तुमच्या घरी खिडकीपाशी ते टेबल असतं. डोळ्याला भिंग, चिमटे, झाकणात वेगळे ठेवलेले बारीक स्क्रू. चावीची घड्याळं आता कोण वापरतं, असं लोक म्हणतात. आमच्या सासऱ्यांचं घड्याळ तुम्ही दोनदा चालू करून दिलंत आणि एक पैसा घेतला नाहीत. पण तुम्ही घड्याळं का दुरुस्त करता, हे मला त्या रात्री कळलं.

आणि ती सर्कस! शिरवळच्या कॉलेजातून बाहेर पडल्यावर नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं तुम्ही सर्कशीबरोबर गावोगाव फिरलात, सिंहांचे दात आणि हत्तींचे पाय बघितलेत, हे मला फार उशिरा समजलं. पुढे 1998 च्या अधिसूचनेनं सिंह, वाघ, अस्वलं, माकडं खेळातून वगळली गेली आणि 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते कायम ठेवलं. त्या दिवशी तुम्ही पेढे वाटले होते, असं काकूंनी सांगितलं. घाबरलेल्या जनावराच्या समोर जायचं नाही, हे तुम्ही तिथंच शिकलात ना?

काही लोक हसायचे. डॉक्टर घड्याळं करतात, डाळिंबवाल्यांना मधमाशांच्या पेट्या ठेवायला शिकवतात, घरात निघालेली घोणस पकडून माळावर सोडतात, वर कीर्तनाला उभे राहतात. मग दवाखाना कधी बघतात? मला याचं फार वाईट वाटायचं. 2022 नंतर हसणारे गप्प झाले.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये जळगावकडून गुरांच्या लम्पी रोगाची बातमी आली. बघता बघता बाजार बंद झाले. लस आली आणि गावात कुजबुज सुरू झाली: शेळीच्या देवी रोगाची लस गाईला कशी चालेल? गाभण गाई गाभ टाकतील. लोक गोठ्याला कडी लावून बसले. तुम्ही कुणाशी वाद घातला नाहीत. देवळात कीर्तन लावलंत. नाथमहाराजांनी रामेश्वराला न्यायची गंगेची कावड तहानलेल्या गाढवाच्या तोंडी रिती केली, ती कथा सांगितलीत आणि तिथूनच बोलता बोलता सरळ गोठ्यातल्या रोगावर आलात: शेळीच्या देवीचा आणि लम्पीचा विषाणू एकाच कुळातला, म्हणून ही लस चालते. टोचल्यावर अंगात ताकद यायला तीनेक आठवडे लागतात, म्हणून गाठी दिसायची वाट बघू नका. माश्या आणि गोचीड आवरा. आजारी जनावर वेगळं बांधा. माणसाला हा रोग होत नाही, दूध उकळून प्या. टाळकरी मागं उभे होते, म्हाताऱ्या माना डोलावत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक स्वतः जनावरं घेऊन रांगेत उभे होते.

तरी आमच्या कालवडीला लस मिळायच्या आधीच ताप भरला. अंगभर गाठी आल्या, पुढचे पाय सुजले. तुम्ही अठरा दिवस रोज आलात. फुटलेल्या गाठी लाल औषधाच्या पाण्यानं धुवून दाखवल्यात, नंतर माझ्याकडून धुवून घेतल्यात. शेजारच्यांचा बैल गेला, तेव्हा त्यांच्या ओसरीवर बसून मदतीचे कागद तुम्ही स्वतः भरलेत. सरकारचे 25,000 रुपये आले. बैल परत येत नाही, पण त्या घरानं त्या वर्षी पेरणी केली.

कालवड जगली. गेल्या वर्षी ती पहिल्यांदा व्यायला झाली, तेव्हा मी घाबरून तुम्हाला संध्याकाळीच बोलावून घेतलं. तुम्ही एकदा तपासलंत, "सरळ आहे," म्हणालात आणि तिच्यापासून लांब ओसरीवर बसलात. सासऱ्यांचं घड्याळ पुन्हा थांबलं होतं, ते मांडीवर घेऊन उघडलंत. गोठ्यातून हंबरणं आलं तेव्हा तुम्ही मान वर करून ऐकलंत आणि परत स्क्रू फिरवायला लागलात. पहाटे ती आपली आपण व्याली. तुम्ही वार पडेपर्यंत थांबलात, घड्याळाला चावी दिलीत, आमच्याकडचं अंथरूण तसंच घडी घातलेलं ठेवून गाडीला किक मारलीत.

त्या रात्रीचे आभार मानायचे राहिले होते. छावणीतल्या रात्रीचेही.

तुमची,
हरणीच्या घरची सून