त्याच ओळी, बारा वर्षं

११ मार्च २०२६

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला त्या दिवशी, तू फोनवर विचारलंस, "आई, दरवर्षी तीच वाचनं. तुला कंटाळा कसा येत नाही?" तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. गेले तीन आठवडे तो प्रश्न मनात घोळतोय आणि काल असं काही घडलं की आता उत्तर द्यायलाच हवं.

तुझं म्हणणं खरंच आहे. चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेतली रविवारची बायबलवाचनं तीन वर्षांच्या चक्राने बदलतात. म्हणूनच यंदा येशूच्या गोष्टींतली विहिरीवरची शोमरोनी स्त्री भेटली, आता जन्मांध माणूस आणि मग लाजर येईल. पण प्रायश्चित्तकाळातली सोमवार ते शनिवारची वाचनं दरवर्षी तीच असतात. १९६९ साली हा क्रम ठरला, म्हणजे मी लहानपणापासून तेच ऐकत आलेय. पाठ झाल्यासारखं वाटतं आणि तिथेच फसायला होतं.

माझं जुनं बायबल तुला आठवतं ना, पाठीला चिकटपट्टी लावलेलं? त्यात वाचलेल्या उताऱ्याशेजारी मी पेन्सिलीने साल लिहिते, एवढंच. यशयाच्या ५८व्या अध्यायाशेजारी सालांची उतरंड झाली आहे. राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी तो वाचतात. लोक देवाकडे तक्रार करतात की आम्ही उपवास करतो आणि तू बघतही नाहीस. देव म्हणतो, तुमचा उपवास भांडणात आणि ठोसाठोशीत संपतो. मग मला हवा असलेला उपवास कोणता, ते तो सांगतो. भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा द्या, बेघराला घरात घ्या, उघड्याला पांघरूण घाला. आणि त्याच ओळीच्या शेवटी, आपल्या रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नका.

भुकेला, बेघर, उघडा, यांच्यासाठी मी माझ्या परीने करत आले. शेवटचे शब्द मात्र २०१५पासून दरवर्षी वाचले, शेजारी साल लिहिलं आणि पान उलटलं.

तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. मामा येईनासा झाला, त्याचं नाव घरात निघेनासं झालं. तू एकदाच विचारलंस, मी विषय बदलला, मग तूही विचारणं सोडलंस. आज सांगते. तुझे आजोबा चार महिने हॉस्पिटलमध्ये होते. रात्री मी बाकावर काढल्या, पैशांची जुळवाजुळव मी केली. तुझा मामा दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही. शेवटच्या दिवशी आला. दफनाच्या दुसऱ्या दिवशी त्याने घराच्या कागदपत्रांचा विषय काढला. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिणार नाही. त्यानंतर आमच्यात एक अक्षर नाही. बारा वर्षं.

गेल्या शुक्रवारी योसेफाची गोष्ट होती. तीही दरवर्षीचीच. यंदा सुरुवातीच्याच एका वाक्यावर अडखळले. भाऊ त्याचा इतका द्वेष करत की त्याच्याशी धड बोलतसुद्धा नसत. खड्डा, चांदीची वीस नाणी, व्यापाऱ्यांचा तांडा, हे सगळं नंतरचं. आधी बोलणं बंद झालं. मग त्याला कोरड्या खड्ड्यात टाकून ते जेवायला बसले.

मिस्सातलं वाचन विक्रीपाशी थांबतं. मी घरी येऊन पुढे वाचत गेले. तुला एक गंमत नव्हे, एक भयंकर गोष्ट दाखवते. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात खड्ड्यातला योसेफ एक शब्दही बोलत नाही. मला वाटायचं, तो गप्पच राहिला. पण थेट ४२व्या अध्यायात, दुष्काळात धान्यासाठी मिसर देशी गेलेले तेच भाऊ एकमेकांना म्हणतात, तो आपल्याला विनवत होता, त्याच्या जिवाची तळमळ दिसत होती आणि आपण ऐकलं नाही. म्हणजे तो ओरडत होता! गोष्ट सांगताना ते ओरडणं गाळलंय, कारण जेवणाऱ्यांच्या कानांपर्यंत ते पोहोचतच नव्हतं. इतक्या वर्षांनी त्यांना ते ऐकू आलं. (असं का लिहिलंय ते जाणकार वेगळं सांगतील, मला ते असं दिसलं.)

मग मला आठवलं की पहिली दोन वर्षं नाताळला तुझ्या मामाचा फोन यायचा. मी वाजू द्यायची. तिसऱ्या वर्षी आला नाही आणि माझ्याही जिवाला बरं वाटलं.

शनिवारी उधळ्या मुलाचा दाखला होता, वाटणी उडवून घरी परतलेल्या धाकट्याचं बाप स्वागत करतो तो. धाकट्याबद्दल सगळेच बोलतात, मी थोरलीबद्दल बोलते, कारण ती मी. शेतावरून थकून आलेला, घर सांभाळलेला, बापाला कधी सोडून न गेलेला थोरला. तो बापाला म्हणतो, 'हा तुझा मुलगा'. 'माझा भाऊ' हे शब्द त्याच्या तोंडून निघत नाहीत. बाप उत्तर देताना हलकेच ते दुरुस्त करतो आणि म्हणतो, 'हा तुझा भाऊ'. मीही तुझ्या बाबांशी बोलताना 'तो' म्हणायची आणि तुझ्यापाशी 'तुझा मामा'. बारा वर्षांत 'माझा भाऊ' म्हटलेलं मला आठवत नाही. थोरला शेवटी घरात गेला की नाही, येशू सांगत नाही. तो अजून अंगणातच उभा आहे.

आणि काल मंगळवार. येशूचा शिष्य पेत्र त्याला विचारतो, भावाला कितीदा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, साताच्या सत्तर वेळा. मग तो चाकर, ज्याचं दहा हजार तलांतांचं, म्हणजे कधीच न फिटणारं, कर्ज राजाने माफ केलं आणि ज्याने बाहेर येऊन शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. या शंभर दीनारांना प्रवचनात क्षुल्लक म्हणतात. मला ते पटत नाही. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे शंभर दिवसांचा घाम! येशूने एखादं दमडीचं कर्ज सांगितलं असतं, पण त्याने खरं, दुखणारं कर्ज सांगितलं. हॉस्पिटलच्या बाकावरच्या माझ्या रात्री खऱ्याच होत्या. त्या खोट्या होत्या असं मला कुणी मानायला लावत नाही, हे काल पहिल्यांदा कळलं आणि इतकं हलकं वाटलं की मी तिथेच रडले. इतकी वर्षं मला वाटायचं, क्षमा करायची म्हणजे 'काही झालंच नाही' असं म्हणायचं. ते मला कधीच जमलं नसतं. येणं आहे, ते माझंच आहे, आणि मी ते सोडू शकते, हे जमण्यासारखं होतं.

संध्याकाळी फोन केला. नंबर पाठ होता. चार वेळा रिंग वाजली. त्याने उचलला, पण बोलेना. मलाही सुचेना. शेवटी मी म्हटलं, "मी बोलतेय." पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग तो म्हणाला, "बोल, ताई."

फार बोललो नाही. त्याचा गुडघा दुखतो. माझी साखर वाढली आहे. आजोबांचं नाव दोघांनीही काढलं नाही. ते काढावं लागेल आणि तेव्हा कदाचित पुन्हा आवाज चढेल, मला त्याची भीती आहे. पाच-सहा मिनिटं झाली असतील. फोन ठेवल्यावर माझे हात थरथरत होते.

आज सकाळचं वाचन बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं होतं. मोशे लोकांना सांगतो, डोळ्यांनी पाहिलेलं विसरू नका, ते मुलांना आणि नातवंडांना सांगा. म्हणून ताबडतोब लिहायला बसले, नाहीतर उद्यापर्यंत धीर गेला असता. तुझ्यापासून इतकी वर्षं हे लपवलं, त्याबद्दल मला क्षमा कर.

त्याने तुझी चौकशी केली. तू अजून शाळेतच आहेस असं त्याच्या डोक्यात आहे. तू नोकरी करतेस म्हटल्यावर तो गप्प झाला आणि मग त्याने तुझा नंबर मागितला. मी दिला आहे. या आठवड्यात कधीतरी अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचल.

तुझी,
आई