बोटीवर एकानेच शुद्धीत राहणे पुरेसे नाही

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टीच्या दिवशी मित्रमंडळींनी बोट भाड्याने घ्यावी, काठावर दिसेल त्या पबपाशी ती लावावी, एकेक पेला रिचवून पुढच्या पबकडे निघावे, असे बेत हल्ली हौसेने आखले जातात. या मौजेला माझा विरोध नाही. पाणी आणि मैफल दोन्ही मला प्रिय आहेत. माझा आक्षेप आहे तो ‘बोट चालवणारा पीत नाही ना, मग बाकीच्यांना काय हरकत आहे?’ या समजुतीला. रस्त्यावर ठीक असलेली ही समजूत पाण्यावर लागू पडत नाही.

मोटारीत पट्टा बांधून बसलेल्या प्रवाशाला स्वतः काहीच करायचे नसते. बोटीत मात्र प्रत्येकाला आपापला तोल सांभाळावा लागतो: धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना, कठड्यावरून वाकताना, आणि (स्पष्टच लिहितो) लघुशंकेसाठी कडेला उभे राहतानाही. मद्याचा परिणाम अंतर्कर्णातील तोल राखणाऱ्या यंत्रणेवर होतो. त्यात ऊन, वारा, लाटांचे हेलकावे आणि इंजिनाची थरथर यांमुळे आलेला थकवा मिसळला, की जमिनीवर सहज पचणारा पेला बोटीत भारी पडतो. पाणी थंड असेल, तर पडल्याबरोबर माणूस नकळत मोठा श्वास आत ओढतो आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असले तर पट्टीच्या पोहणाऱ्याचेही कौशल्य निरुपयोगी ठरते. प्यायल्याने ऊब येते म्हणतात, तेही फसवे आहे. त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीरातील उष्णता उलट लवकर निघून जाते.

आता त्या एकट्या शुद्धीतल्या मित्राची अवस्था पाहा. कोणी पाण्यात पडले, तर पंखा त्याच्यापासून दूर ठेवत बोट वळवायची, पडलेल्यावरची नजर ढळू द्यायची नाही आणि त्याला वर ओढायचे, ही सगळी कामे एकट्याने कशी व्हावीत? आणि तोच पडला, तर सुकाणू कोणी धरायचे?

लंडनमध्ये २० ऑगस्ट १९८९ च्या पहाटे थेम्स नदीत ‘मार्चिओनेस’ या सहलीच्या बोटीला वाळू उपसणाऱ्या एका जहाजाने धडक दिली. बोटीवर वाढदिवसाची पार्टी चालू होती. ५१ जणांचा मृत्यू झाला. त्या पाहुण्यांचा यात काहीही दोष नव्हता. तरीही बोट एका मिनिटाच्या आत बुडाली, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण इतक्या थोड्या वेळात कोणी कोणाला सांभाळू शकत नाही.

‘पुढचा पब येईपर्यंत उतरते’ हा युक्तिवादही टिकत नाही. यकृत तासाला साधारण एका लहान पेल्याइतकेच मद्य निकामी करते, आणि शेवटच्या घोटानंतरही रक्तातील प्रमाण काही वेळ वाढतच राहते. कॉफीने जाग येते, मद्य उतरत नाही. व्यावसायिक नाविकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० च्या सुधारणेने रक्तातील मद्याची कमाल मर्यादा ०.०५ टक्के ठरवली. रोज समुद्रावर वावरणाऱ्यांवर हे बंधन असताना हौशी मंडळींनी स्वतःला अधिक सवलत द्यावी, हे अजबच म्हणायचे.

म्हणून माझी सूचना क्रमाविषयी आहे. नौकाविहार आधी उरकावा, बोट मालकाच्या ताब्यात द्यावी आणि मग पायी पबची वाट धरावी. पबमधून पुन्हा बोटीत बसायचेच असेल, तर ती व्यावसायिक चालक आणि मदतनीस असलेली असावी व लाइफ जॅकेट धक्क्यावरच अंगात चढवावे. बोट भाड्याने देणाऱ्यांनी झिंगलेल्या गटाला पुन्हा सुकाणू देण्यास नकार द्यावा. त्यांचे त्या दिवसाचे भाडे बुडेल, पण बोट वाचेल. आपल्या सहलविषयक पुरवणीत अशा बेतांची माहिती छापताना हा क्रमही ठळकपणे नमूद करावा, ही विनंती.

आपला,
एक नौकाविहारप्रेमी वाचक