बंद कायद्याने केलं की कंपनीने?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकपत्रांत एकांनी लिहिलं होतं की युरोपने प्रायव्हसीचे कायदे करून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, नवीन काही आलं की तिथल्या लोकांना ताटकळत बसावं लागतं आणि आता आपल्याकडेही तेच होणार. अर्धं खरंय, पण अर्धंच.

माझा पुतण्या तेव्हा इटलीत शिकत होता, तुरीनला. 31 मार्च 2023 ला तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणाने चॅटजीपीटीवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी याचा फोन, काका इथे बंद झालंय, तुमच्याकडे चालतंय का? मला वाटलं एप्रिल फूल करतोय. पुढचे चार आठवडे पठ्ठ्या व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशातून वापरतोय असं भासवणारी सोय) लावून वापरत होता, वर्गातले बाकीचेही तेच, त्यामुळे बंदी किती पाळली गेली ते सोडा. पण 28 एप्रिलला ते परत सुरू झालं तेव्हा काय बदललं होतं बघा. आपला डेटा चॅटजीपीटीला शिकवायला (ट्रेनिंगला) वापरू नका म्हणून सांगायला फॉर्म आला, वय विचारायला लागले, प्रायव्हसीची माहिती समोर दिसायला लागली. हे सगळं चार आठवड्यांत जमलं, मग आधी का नाही केलं? आणि बंदीच्या दहा दिवस आधी काही लोकांना दुसऱ्यांच्या चॅटची शीर्षकं दिसली होती, काहींचे पेमेंटचे तपशीलसुद्धा बाहेर आले होते, हे आपण सोयीने विसरतो.

गूगलच्या बार्ड या चॅटबॉटचंही तसंच. मे 2023 मध्ये 180 देशांत खुलं झालं, युरोपियन युनियन वगळून. आयर्लंडच्या डेटा नियामकाने कागदपत्रं मागितली, कंपनी थांबली, आणि 13 जुलैला तिथे पोचलं. गंमत म्हणजे त्याच दिवशी बार्ड मराठीतही आलं. म्हणजे तिकडचे लोक कायद्यामुळे थांबले आणि आपण भाषेमुळे, आणि आपल्या थांबण्याची बातमीसुद्धा झाली नाही!

त्या पत्रातलं अर्धं खरं म्हणालो ते कशावरून, तर 2018 मध्ये युरोपचा प्रायव्हसीचा कायदा, जीडीपीआर, लागू झाला तेव्हा शिकागो ट्रिब्यूनसारख्या पेपरांनी युरोपातल्या वाचकांना वेबसाइटच बंद केली. नियम पाळत बसण्यापेक्षा दार लावणं स्वस्त पडलं. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज ठेवतात, छोट्यांचे हाल होतात, हे मान्यच आहे.

आता आपलं. आपला डेटा संरक्षणाचा कायदा 2023 चा, नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची मुदत. त्यात 18 वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, त्याचा डेटा घ्यायचा तर आईवडिलांची परवानगी, तीही पडताळता येईल अशी. युरोपात हे वय 16 आहे आणि देशांना 13 पर्यंत खाली आणता येतं. माझी मुलगी नववीत आहे, घरात फोन बायकोचा, आणि मुलीने एका अॅपवर जन्मसाल 1998 टाकून ठेवलंय! विचारलं तर म्हणते बाबा सगळेच टाकतात. सतरा वर्षांचा बारावीचा मुलगा, त्याचे आईवडील ऊसतोडीला दुसऱ्या जिल्ह्यात, फोनवर ओटीपी कुणाला मागायचा त्याने? आश्रमशाळेतल्या पोरीने काय करायचं? शिक्षणसंस्थांना काही सूट दिलीय, पण पोरगी स्वतःहून काही शिकायला गेली तर ती सूट तिच्या कामाची नाही. माझ्या मते 18 हे वय जास्तच आहे, आणि दाराशी अडकणार ती नेमकी हीच मुलं, बाकीच्यांचं 1998 आहेच.

एक गोष्ट मात्र मला या कायद्यात मनापासून आवडली. परवानगी मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यावी लागणार, म्हणजे मराठीतही. ती मराठी वाचणाऱ्याला कळेल अशी असेल की सरकारी जीआरसारखी, ते बघायचंय. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अशा दोन-चार सूचना छापा ना, माझ्या आईला वाचून दाखवतो आणि तिला काय कळलं ते तुम्हाला कळवतो.

आपला,
एक वाचक, सांगली